सोमारीवरचा आळ

फेब्रुवारीतली सकाळ होती. धान कापून झाल्यावर त्याच शेतांच्या बांध्यांत पेरलेली लाखोळीची डाळ निघून घरी आली होती आणि कोसंबटोल्याच्या घराघरांपुढे तिचे ढीग पडले होते. सुगंधाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. पंचावन्न वर्षांची, ठेंगणी, कामाला कधी न थकणारी बाई. मुलगा प्रफुल सिंदेवाहीच्या राइस मिलवर निघून गेला होता. सून दिव्यानी न्हाणीजवळ पाटावर पाय लांब करून सात महिन्यांच्या खुशबूला आंघोळ घालत होती.

पाणी अंगावर पडलं तशी खुशबू रडू लागली. लेकरं रडतातच, म्हणून सुगंधाबाईने मान वर केली नाही. पण ते रडणं मध्येच तुटलं. नुसती धाप ऐकू येऊ लागली, पळून आलेल्या माणसासारखी, भरभर आणि खोल. सुगंधाबाईने पाहिलं तर नातीचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते. नखं निळी, जीभ निळी. डोळे वर फिरलेले.

सूप हातातून सुटलं. "दिव्यानी! पोट्टी पाह्य, पोट्टी निळी पडून राह्यली!"

दिव्यानीने तिला उचलून छातीशी धरलं, पाठ चोळली, फुंकर घातली. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग हळूहळू ओठांवर रंग आला आणि लेकरू थकून मान टाकून झोपलं. सुगंधाबाई मात्र जागची हलली नव्हती. कारण हा निळा रंग तिच्या ओळखीचा होता. तिने तो दोनदा पाहिला होता, आपल्या स्वतःच्या मांडीवर.

ही गोष्ट या घरात कोणी बोलत नसे. प्रफुलच्या आधी सुगंधाबाईला दोन लेकरं झाली होती. पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला, दुसरी मुलगी पाच महिन्यांची होऊन. दोघंही रडता रडता निळी पडत, हातपाय ताठ करून झटके देत. दोघांना तेल चोळायची, न्हाऊ घालायची ती त्यांची मोठी आई, म्हणजे सुगंधाबाईची थोरली जाऊ सोमारी. तिचा नवरा सुकलू साप चावून मेला होता आणि पदरी मूलबाळ नव्हतं. दिराच्या लेकरांतच तिने आपला जीव गुंतवला होता. पण मुलगी गेली त्या आठवड्यात पुजारी घरी आला, सुपात तांदूळ फिरवून म्हणाला, "घरातल्याच बाईनं केलं. जिचा हात रोज लेकरावर फिरते, तिनं." दुःखाने वेडीपिशी झालेल्या पंचवीस वर्षांच्या सुगंधाने भर अंगणात सोमारीकडे बोट केलं होतं.

पुढचं सगळं गावाने केलं. सोमारीचे केस कापले. दात पाडले की जादूटोण्याच्या मंत्राची ताकद जाते, असं म्हणून दगडाने तिचे पुढचे दात पाडले, आणि तिला गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या पाळीवर हाकलून दिलं. त्यानंतर दोन वर्षांनी प्रफुल झाला आणि जगला. त्याच्यामागे सरिता झाली, तीही जगली. गावाला पुरावा मिळाला. सुगंधाबाईलाही मिळाला. तीस वर्षं ती त्या पुराव्याच्या आधारावर शांत झोपत आली होती.

आणि आता सोमारी बोडीवर असूनही लेकरू निळं पडलं होतं.

"दिव्यानी," तिने हलक्या आवाजात विचारलं, "तू इतक्यात पोट्टीले घेऊन बोडीवर गेल्ती का?"

दिव्यानी घुग्घुसची, कोळसा खाणीतल्या कामगाराची बारावी शिकलेली मुलगी. सासूला ती मामीजी म्हणे, आणि काही लपवणारी नव्हती. "गेल्ती मामीजी. पाच-सहा दिवसांआधी, कपडे धुवाले. त्या बुढीनं खुशबूले पाह्यलं."

"हात लावला तिनं?"

"नाई. दुरूनच पाह्यलं अन् म्हणाली, पोरी, लेकराचे ओठ पाह्य. माह्या हातातल्या दोघायचे असेच होत होते. उशीर नोको करू, दवाखान्यात ने." दिव्यानी थांबली. "कोणते दोघं, मामीजी?"

सुगंधाबाई खाली वाकली आणि मातीत सांडलेले दाणे एकेक करून वेचू लागली.

*

दुसऱ्या दिवशी गावची आशाताई कलाबाई सुगंधाबाई, प्रफुल, दिव्यानी आणि खुशबूला घेऊन चंद्रपूरला गेली. तिनेच आधी फोन करून ठेवला होता. लेकरांच्या डॉक्टर खोब्रागडेबाई ब्रह्मपुरीकडच्या होत्या. त्यांची भाषा गावातलीच होती, म्हणून सुगंधाबाईला थोडा धीर आला. पण खुशबूच्या छातीवर यंत्र फिरवताना डॉक्टरबाई बोलायच्या थांबल्या, तेव्हा तो धीर गेला.

"हिच्या हृदयात जन्मापासूनच दोष आहे," त्या म्हणाल्या. "मधल्या पडद्याला छिद्र आहे अन् फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद आहे. रडली की अशुद्ध रक्त अंगात फिरते, म्हणून निळी पडते. ऑपरेशन लागन. नागपूरला होईल, सरकारी योजनेतून होईल. पण आधी वजन थोडं वाढलं पायजे."

मग त्यांनी दिव्यानीला एक गोष्ट दोनदा करून दाखवली. लेकरू निळं पडलं की घाबरून हलवायचं नाही. कुशीत घेऊन त्याचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी दाबून धरायचे आणि शांतपणे बोलत राहायचं.

खुशबूचं दूध नाकातून येतं का, असं त्यांनी विचारलं. येत होतं. रक्तात कॅल्शियमही कमी निघालं. त्यांनी लेकराचे लहान कान पाहिले आणि मग प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल नाकात बोलायचा. शाळेत पोरं त्याला त्यावरून चिडवत, म्हणून सातवीतच त्याने शाळा सोडली होती.

"तुमचंही रक्त घेते, खुशबूच्या आईचंही घेते," त्या म्हणाल्या. "अन् आजी, घरात आधी कोणतं लेकरू असं निळं पडून, झटके येऊन गेलं का?"

सुगंधाबाईने नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. हो म्हटलं तर बाई म्हणेल की ही पोरही जाणार. हो म्हटलं तर सुनेला सगळं कळेल.

"नाई," ती म्हणाली. "कोणी नाई गेलं."

डॉक्टरबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

*

मार्च उजाडला. दिव्यानी औषधं वेळेवर देत होती. खुशबू आठवड्यातून दोन-तीनदा निळी पडे, दिव्यानी गुडघे दुमडून धरी, रंग परत येई. पण दर वेळी सुगंधाबाई घराच्या मागच्या दारी जाऊन कानांवर हात ठेवून बसायची. तिला वाटायचं, तिसरंही जाणार. कधी सुनेचाच राग येई. "ग्रहणात तू बाहेर काऊन निघाली होती?" असं एकदा तोंडातून गेलंच. दिव्यानी रडली, पण उलट बोलली नाही.

मध्ये कलाबाईने निरोप आणला. खुशबूच्या आणि प्रफुलच्या रक्तात एकच गोष्ट सापडली होती, दिव्यानीच्या नव्हती. आता डॉक्टरबाईंना सुगंधाबाईचंही रक्त पाहायचं होतं. ती जाऊन देऊन आली. सुईपेक्षा तिला त्या बाईच्या डोळ्यांची जास्त भीती वाटली.

त्या भीतीतच एका दुपारी कोणाला न सांगता ती पत्रू पुजाऱ्याकडे गेली. तीस वर्षांपूर्वीचा पुजारी याचाच बाप होता. पत्रूने सुपात तांदूळ फिरवले. त्याला फार वेळ लागला नाही.

"तुमच्याच घरची आहे," तो म्हणाला. "पाण्याजवळ रायते. दात पाडले तरी डोळे राह्यले न तिचे. माह्या बापानं काम अर्धं सोडलं होतं."

"मंग का कराचं, महाराज?"

"तू काई नोको करू. गाव करन. गावात यंदा दोन बैल मेले, पोचूच्या सुनेचं पोट गळलं. लोकायले सगळं समजून राह्यलं. तू फक्त येजो. ज्याच्या घरचं दुखणं, त्यानं पयला हात लावला पायजे."

सुगंधाबाई घरी आली ती पाय ओढत. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, तरी भीती गेली नव्हती. सोमारीचं रक्ताळलेलं तोंड तीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाकर थापताना ते आठवलं आणि तिच्याने जेववलं नाही.

*

पुढच्या गुरुवारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी टेबलावर कोरा कागद घेतला आणि त्यावर पेन्सिलने दोन-दोन रेघांच्या जोड्या काढल्या.

"आपल्या अंगाच्या कणाकणात अशा तेवीस जोड्या असतात. गुणसूत्रं म्हणतात त्याले. जोडीतलं एक आईकडून येते, एक बापाकडून. लेकराचं हृदय कसं घडवाचं, टाळू कशी जोडाची, हे सगळं त्यात असते." त्यांनी बाविसाव्या जोडीतल्या एका रेघेचा बारीकसा तुकडा खोडरबराने पुसला. "खुशबूच्या या जोडीत इतकासा तुकडा नाई. म्हणून हृदय नीट जुळलं नाई. प्रफुलमध्येही तोच तुकडा नाई. पण त्याचं हृदय वाचलं, फक्त टाळूवर अन् आवाजावर निभावलं."

प्रफुलने मान खाली घातली.

"अन् आजी, ही उणीव त्याले तुमच्याकडून आली. तुमच्यातही तो तुकडा नाई. तुम्हाले काई त्रास झाला नाई, म्हणून कधी कळलंच नाई. कोणत्या लेकराले जाईल, कोणत्या नाई, दर वेळी निम्मी-निम्मी शक्यता असते. तुमच्या हातात नव्हतं, कोणाच्याच हातात नव्हतं. तुम्ही काई खाल्लं म्हणून नाई, ग्रहण पाह्यलं म्हणून नाई."

सुगंधाबाईने पदर तोंडाशी नेला.

"बाई," तिने विचारलं, "कोणी नजर लावली, काई करून टाकलं, तर हा तुकडा गळते का?"

"नाई. तो आईच्या पोटात यायच्या आधीच गळालेला असते. मंग कोणी तेल लावो की नजर लावो."

"मी खोटं बोलली होती," सुगंधाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की डॉक्टरबाईंना पुढे वाकावं लागलं. "दोन लेकरं गेले माहे. असेच निळे होऊन."

दिव्यानीने चमकून सासूकडे पाहिलं. प्रफुलनेही. त्यालाही हे अर्धंमुर्धंच माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी आधीचा कागद काढून त्यावर नोंद केली. "आता त्या लेकरांचं रक्त तपासता येत नाई, म्हणून मी खातरीनं सांगू शकत नाई. पण बहुतेक हेच असन."

"मंग सोमारीनं..." सुगंधाबाईने वाक्य सोडून दिलं.

"कोण सोमारी?"

सुगंधाबाई उठली आणि दाराकडे निघाली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर मोहाची झाडं, सागाची पानं गळलेली रानं मागे जात होती. तिला काही दिसत नव्हतं. तीस वर्षं जो दोष तिने दुसरीच्या डोक्यावर ठेवला होता, तो तिच्याच रक्तात बसून होता, आणि तोही दोष नव्हता म्हणे. मग ते पाडलेले दात कशासाठी होते? ते कापलेले केस? आणि आता गावाला हे कळलं तर?

प्रफुल मागच्या बाकावरून पुढे वाकला. "माय, गावात काई सांगू नोको. लोकं मले आधीच हासतात. आता म्हणतीन, याच्याच रगतात खोट हाय."

तिने होकारार्थी मान हलवली. तिलाही तेच हवं होतं.

दिव्यानी मात्र म्हणाली, "मामीजी, ग्रहणाचं मले बोलल्या तुमी. मी तुमाले काई बोलणार नाई. पण ती बुढी खरं सांगत होती. तिनं सांगतलं म्हणून आपण वेळेवर पोचलो."

*

गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा चार वाजत आले होते. रस्त्यावर कोणी नव्हतं. अंगणं रिकामी होती. आवाज बोडीकडून येत होता.

पत्रूने दिवस सांगितला नव्हता. तिने विचारलाही नव्हता.

पाळीवर शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. मधल्या बाभळीला सोमारी बांधलेली होती. सत्तरीची, वाळून काटकी झालेली बाई. लुगडं खांद्यावरून फाटलं होतं आणि कपाळातून रक्त येऊन एका डोळ्यात गेलं होतं. ती ओरडत नव्हती. समोर कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला होता आणि खालच्या निखाऱ्यांत लोखंडी सळई तापत होती.

"आली, आली!" कोणीतरी ओरडलं. गर्दी दुभंगली. पत्रूने सळई फडक्यात धरून सुगंधाबाईपुढे केली. "घे बाई. पयला डाग तुया हातचा. लेकराचं दुखणं इथीच उतरन."

सुगंधाबाईचा हात आपोआप मागे गेला. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळी ओळखीची माणसं होती. तिच्या धानाच्या रोवणीला येणाऱ्या बाया, तिच्या नवऱ्याच्या मयतीला खांदा देणारे. एवढ्या ओळखीच्या चेहऱ्यांची इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. हो म्हणावं तर ती सळई.

तेवढ्यात धूर दिव्यानीकडे वळला. खुशबू खोकली, किंचाळली आणि तिचं रडणं तुटलं. ओठ काळेनिळे पडले.

"पाहा! पाहा!" पत्रू गरजला. "बांधल्यावरही सोडून नाई राह्यली! डोळ्यादेखत लेकरू खाऊन राह्यली!"

गर्दी पुढे सरकली. कोणीतरी दगड फेकला, तो सोमारीच्या खांद्यावर लागला. दिव्यानी तिथेच मातीत बसली. तिने लेकराचे गुडघे दुमडून त्याच्या छातीशी दाबले आणि त्याच्या कानाशी बोलू लागली. तिचा आवाज कापत होता, पण हात हलत नव्हते.

सुगंधाबाईने नातीच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाभळीकडे पाहिलं. सोमारी आपल्या वेदनेकडे नाही, त्या लेकराकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. "गुडघे धर पोरी, तशीच धर," असं ती पुटपुटत होती.

सुगंधाबाई चालत गेली आणि सोमारीला पाठ लावून उभी राहिली. पुढे शंभर माणसं, मागे बांधलेली बाई.

"हिनं काई केलं नाई," ती म्हणाली. शब्द नीट उमटले नाहीत, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "आइका गा! हिनं काई केलं नाई. लेकराच्या काळजात जन्माचं छिद्र हाय. ते माह्या रगतातून आलं. डॉक्टरनं आज रिपोर्ट दाखवला. माहे दोन लेकरं बी त्याच्यानंच गेले. मी तेव्हा खोटं बोट दाखवलं होतं."

पुढे सरकलेली गर्दी जागीच थांबली. मग पत्रूचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे तूच?" तो म्हणाला. "तुयाच रगतात? मंग ही नाई, तूच खाल्ले लेकरं! आइकलं का सगळ्यायनं? आपल्या तोंडानं कबूल झाली!"

सुगंधाबाई एक पाऊल मागे सरली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने जे सांगितलं होतं, ते त्यांनी आपल्याच भाषेत ऐकलं होतं. गर्दीतल्या नजरा बदलताना तिला दिसल्या. सोमारीवरून त्या तिच्यावर येऊन स्थिरावल्या. तीस वर्षांपूर्वी सोमारीने काय पाहिलं असेल, ते आज ती पाहत होती. दोन माणसं तिच्या दंडाला धरायला पुढे आलीही.

"थांबा!"

नाकातला, फाटका आवाज. गावातलं लहान पोरही ज्याची नक्कल करी, तो आवाज. प्रफुल आईच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने हातातली रिपोर्टची फाइल वर धरली.

"माह्यातबी तेच हाय. हा आवाज त्याच्यानंच हाय. सगळे हासता न मले? हासा. माह्या बायकोत नाई, माह्या मायच्या हातात काई नव्हतं, त्या बुढीत त बिलकूल नाई. रगत पाहून कोणाले बांधाचं असन, त मले बांधा. अन् मंग आपआपलं रगत बी तपासून घ्या. कोणाच्यात का निंगन, कोणाले माहीत हाय?"

कोणी हसलं नाही. पुढे आलेली दोन माणसं एकमेकांकडे बघू लागली. आणि खालून, मातीतून, दिव्यानीचा आवाज आला, "मामीजी, रंग आला. खुशबूचा रंग आला."

लोकांनी वळून पाहिलं. पुजाऱ्याचा मंत्र नाही, सळई नाही. एक मुलगी मातीत बसून लेकराचे गुडघे धरून होती, आणि लेकराच्या ओठांवर गुलाबी रंग चढत होता. मागच्या बाया एकेक करून निघू लागल्या. कलाबाईने केव्हाच पोलिसांना फोन केला होता. जीपचा आवाज फाट्यावर आला तेव्हा पाळीवर जेमतेम वीस माणसं उरली होती आणि त्यांत पत्रू नव्हता. त्याला दुसऱ्या दिवशी नातेवाइकाच्या घरून धरलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याच्यावर आणि आणखी सहा जणांवर गुन्हा दाखल झाला.

दोर सुगंधाबाईनेच सोडला. गाठ दाताने ओढावी लागली. सोमारी खाली बसली. सुगंधाबाईने तिचे पाय धरले.

"बाई, मले माफ कर."

सोमारीने पाय मागे घेतले. दात नसलेल्या तोंडातून शब्द सुटे सुटे येत होते. "माफ कराचं मले जमत नाई, सुगंधा. तीस वर्सं झाले. मले कोणाच्या लेकराले हात लावता आला नाई." ती भिंत धरावी तशी बाभूळ धरून उठली. "तू आज बोलली, ते इथी बोडीवर बोलली. मले हाकललं त गावात होतं."

*

खुशबूचं ऑपरेशन मे महिन्यात नागपूरला झालं. सहा तास लागले. ते सहा तास सुगंधाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून होती आणि तिने कोणत्याच देवाला काही कबूल केलं नाही, कारण कबूल करण्यासारखं जे होतं ते तिला दुसरीकडे करायचं होतं. लेकरू वाचलं. पुढे आणखी एक ऑपरेशन लागेल, कॅल्शियम जपावं लागेल, बोलायला उशीर होईल, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं. पण खुशबू आता रडली की लालबुंद होई, आणि दिव्यानी ते पाहून हसत असे.

आता गप्प बसलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. प्रफुल तसं म्हणालाही. पण पंधरा ऑगस्टची ग्रामसभा भरली तेव्हा सुगंधाबाई आयुष्यात पहिल्यांदा उठून बोलायला उभी राहिली. समोर बसलेल्यांत तीस वर्षांपूर्वी दगड उचललेले चार-पाच म्हातारे होते.

"माहा एक ठराव हाय," ती म्हणाली. "सोमारीबाईवर या गावानं आळ घेतला, तो खोटा होता. तो घेणारी पयली मी. हे गावाच्या वहीत लिहा."

ग्रामसेवकाने पेन थांबवला. "बाई, इतकी जुनी गोष्ट. अन् असा ठराव कधी होत नाई."

"तिले हाकलाचा ठराव तरी कुठी लिहिला होता, भाऊ? तरी तो झाला न."

ग्रामसेवकाने सरपंचाकडे पाहिलं. एक म्हातारा उठून निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. अनुमोदक कोण, असं सरपंचाने विचारलं. बराच वेळ कोणाचा हात वर झाला नाही. मग पोचूची सून, जिचा गर्भ पडल्याचा दोषही सोमारीवर घातला होता, ती बायांच्या मधून उभी राहिली. सासऱ्याकडे न पाहता म्हणाली, "माहं नाव लिहा." मग बायांतून आणखी काही हात वर आले. पुरुषांतून थोडे.

सोमारी आत आली नव्हती. ती पंचायतीच्या दाराबाहेर ओट्याच्या कडेला बसून होती. दिव्यानी तिच्याजवळ बसली होती आणि खुशबू त्या दोघींच्या मध्ये होती.

"मोठ्यानं वाचा," सुगंधाबाई ग्रामसेवकाला म्हणाली. "मले वाचता येत नाई. अन् बाहेर आइकू गेलं पायजे."

त्याने घसा साफ केला आणि वाचलं. "सदर ग्रामसभा असे नमूद करते की, श्रीमती सोमारीबाई सुकलू यांच्यावर गावाने केलेले जादूटोण्याचे आरोप पूर्णतः खोटे होते. त्यांना झालेली मारहाण व त्यांना गावाबाहेर काढणे हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. त्यांचे घर गावात आहे."

वाचून झाल्यावर सगळे दाराकडे पाहू लागले. सोमारीने मान वळवली नाही. लेकराने तिचं बोट धरून तोंडात घातलं होतं, आणि ती ते सोडवत नव्हती.

"अजून एक डाव वाच, भाऊ," ती बाहेरूनच म्हणाली. "तीस वर्सं झाले. सावकाश वाच."